जहाजावरचे आपण

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना दरवर्षी एका जागी गाडी अडते. उर्दूत 'हम' हा एकच शब्द. मराठीत त्याच्या जागी दोन शब्द उभे राहतात, 'आम्ही' आणि 'आपण'. मुले गोंधळतात. मग आम्ही फळ्यावर दोन वाक्ये लिहितो. 'आम्ही जेवलो.' 'आपण जेवलो.' पहिल्या वाक्यात, ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो जेवायला नव्हता. दुसऱ्या वाक्यात तोही दस्तरखानावर होता. एवढे सांगितले की मुलांच्या लक्षात येते, कारण कोण आपल्यात आणि कोण आपल्यात नाही, हा हिशेब मुले खेळाच्या मैदानावर रोज करीत असतात. तास संपतो. परीक्षेत यावर एका गुणाचा प्रश्न येतो.

हा एका गुणाचा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आमच्यापुढे पुन्हा ठेवला. त्याने तो मुद्दाम ठेवला नाही. तो फक्त आपल्या नोकरीविषयी बोलत होता.

मुलगा खाडीकाठच्या गावातला, आमच्या पहिल्या तुकडीतला. दर्या या घराला नवा नाही. पूर्वी पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकच्या कामाला कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरची माणसे असत, सलूनमध्ये गोव्याची आणि इंजिनखान्यात पंजाब-सरहद्दीकडची. सारंग, तांडेल, खलाशी, भंडारी हे शब्द आपल्या घराघरांत तेव्हापासूनचे. त्याचे आजोबा अशाच एका बोटीवर खलाशी होते. वडिलांनी आयुष्य आखातात गाडी चालवण्यात घालवले. मुलाने बारावीनंतर हॉटेलचा कोर्स केला, सीडीसी काढली आणि जगाची फेरी करणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर तो केबिन स्टुअर्ड म्हणून लागला.

सुट्टीवर आला तेव्हा चॉकलेटचा डबा घेऊन भेटायला आला. गावात त्याला दोन प्रश्न विचारले जात होते. पगार किती? आणि दारूला हात लावावा लागतो का? खरे सांगायचे तर आम्हीही हेच दोन प्रश्न विचारले, शिक्षकाला शोभेल अशा भाषेत. त्याने शांतपणे उत्तरे दिली. मग म्हणाला, "सर, सगळे हेच विचारतात. झोपतोस कधी, हे एकट्या अम्मीने विचारलं."

आम्ही गप्प झालो. मग त्याला म्हटले, आता सुरुवातीपासून सांग.

जगाची फेरी ही हौसेची गोष्ट म्हणून सुरू झाली त्याला शंभर वर्षे होऊन गेली. १९२२ साली 'लॅकोनिया' नावाचे जहाज न्यूयॉर्कहून अशा फेरीवर निघाले होते. आज अशी जहाजे बहुतेक जानेवारीत निघतात आणि तीन-चार महिन्यांनी परततात. प्रवासी पुष्कळदा निवृत्त झालेले, पती-पत्नी जोडीने, कोणी जोडीदार गेल्यावर एकटे. रात्री केबिनमध्ये उद्याच्या कार्यक्रमाचा कागद येतो. सकाळी काही मंडळी डेकवर फेऱ्या मारतात. मग नाश्ता, एखादे व्याख्यान, पत्त्यांचा डाव, पोहण्याचा हौद, दुपारचे जेवण, वाचनालयात डुलकी, चार वाजता चहा, संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालून जेवण, त्यानंतर गाणे-नाच. बंदर आले की उतरून फिरणे. पण महासागर ओलांडताना पाच-पाच, सहा-सहा दिवस बंदर नसते. चहूकडे पाणीच पाणी. त्या दिवसांत माणसांना एकमेकांची ओळख होते, भांडणे होतात, ठरावीक खुर्चीवर हक्क सांगितला जातो. आपल्या मोहल्ल्यासारखाच तोही एक मोहल्ला होतो.

हा झाला वरचा दिवस. खालचा दिवस दुसरा. पाण्याच्या पातळीच्या आसपास जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी एक लांब वाट असते. कर्मचारी तिला अमेरिकेतल्या एका महामार्गाच्या नावाने 'आय-९५' म्हणतात. त्या वाटेवरून कपड्यांच्या गाड्या, भाज्यांची खोकी, कचरा आणि माणसे धावतात. आमचा विद्यार्थी तिथेच एका खोलीत राहतो. दोघांत एक खोली, एकावर एक बिछाने, खिडकी नाही. आभाळ पाहिल्याशिवाय फजरची वेळ मोबाइलवरून कळते. किब्लाही मोबाइलच दाखवतो. सकाळी पाहुणे नाश्त्याला गेले की केबिनी साफ करायच्या, संध्याकाळी ते जेवायला गेले की पुन्हा एकदा. चादर ओढायची, दिवा मंद करायचा आणि टॉवेलची घडी घालून त्याचा हत्ती, माकड किंवा हंस करून पलंगावर ठेवायचा. हत्ती त्याला चांगला जमतो. त्याने आमच्या घरच्या टॉवेलचा एक करून दाखवला, सोंडेसकट.

आठवड्याची सुट्टी नसते. करार सहा-सात महिन्यांचा असतो आणि तितके दिवस सलग काम असते. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१३ पासून अमलात आला, भारतानेही २०१५ साली त्याला मान्यता दिली. त्यात विश्रांतीचे किमान तास लिहिलेले आहेत, चोवीस तासांत दहा आणि सात दिवसांत सत्याहत्तर. हे दहा तास दोन तुकड्यांत देता येतात, मात्र त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. कायदा नसण्यापेक्षा हा कायदा फार चांगला. पण तो वाचताना आमच्या मनात आले की आपण शाळेत मुलांना सांगतो, आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास स्वतःसाठी. इथे स्वतःसाठीचे तास कुठे बसवायचे?

घड्याळाची गोष्ट त्याने हसत सांगितली. जहाज पश्चिमेकडे चालले की दर थोड्या दिवसांनी रात्री घड्याळ एक तास मागे घेतात. ती रात्र पंचवीस तासांच्या दिवसाची, सगळे खूश. पूर्वेकडे चालले की तास पुढे जातो. पाहुणे सकाळी उशिरा उठून तो तास भरून काढतात. याला मात्र सहाला उठायचेच असते आणि शरीराच्या हिशेबाने ते पाच असतात. पॅसिफिकमध्ये तारखेची रेषा पश्चिमेकडे जाताना ओलांडली की एक अख्खा दिवसच गळतो. एकदा तो गुरुवारी झोपला आणि शनिवारी उठला. "सर, जुमा आलाच नाही," तो म्हणाला. मुसाफिराला जुमा माफ असतो हे त्यालाही ठाऊक होते. तरी शुक्रवारच चोरीला गेल्यासारखा तो सांगत होता.

मग त्याने वडिलांची गोष्ट सांगितली. वडील गेले तेव्हा गावात मंगळवारची फजर होती, जहाजावर सोमवारची संध्याकाळ. पुढचे बंदर पाच दिवसांवर. निरोप फोनवर आला तेव्हा संध्याकाळची केबिन-सफाई सुरू व्हायची होती. वरिष्ठाने त्याला सांगितले, आज काम करू नकोस. यानेच नको म्हटले. सुट्टी घेतली असती तर याच्या केबिनी खोलीतल्या साथीदारावर आणि दुसऱ्या एकावर पडल्या असत्या, त्यांचीही हाडे दिवसभर मोडलेलीच. साथीदार गोव्याचा ख्रिस्ती मुलगा. त्याने न बोलता याच्या निम्म्या केबिनी उरकल्या. उरलेल्या याने केल्या, पण टॉवेलची चित्रे करायचे राहून गेले. एका केबिनमधल्या म्हाताऱ्या बाई दारात भेटल्या आणि लाडाने म्हणाल्या, "आज हत्ती नाही?"

"मग?" आम्ही विचारले.

"मग केला."

"तू त्यांना काही सांगितलं नाहीस?"

"नाही सर. त्या तक्रार करत नव्हत्या. त्यांना हत्ती आवडायचा."

दुसऱ्या दिवशी दफन झाल्याचा निरोप आला. त्या रात्री काम संपल्यावर याने आणि चार इंडोनेशियन कामगारांनी धोबीखान्याशेजारच्या कोपऱ्यात गायबाना जनाजा पढला. आपण कोकणी मुसलमान शाफई, इंडोनेशियाचे लोकही शाफई. कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. वर त्या वेळी नाचाचा कार्यक्रम रंगात होता, त्याचा ढोल छतातून ऐकू येत होता.

ही गोष्ट ऐकल्यावर आम्ही अनेक दिवस त्या बाईंवर मनात खटला चालवला. आरोप काय ठेवायचा हेच ठरेना. त्यांनी आयुष्यभर काम करून पैसे साठवले असतील. तिकिटाचे पैसे भरले, वर बक्षिशीचेही. त्यांनी याला कधी 'अरे' म्हटले नाही. जाताना चिठ्ठी लिहून ठेवली, तिच्यात याचे नाव बरोबर लिहिले होते. आमच्या शाळेच्या शिपायाचे पूर्ण नाव आमच्यापैकी किती जणांना लिहिता येईल?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. या नोकरीवर कोणी त्याला बांधून नेलेले नाही. त्या पगारातून घरावर स्लॅब पडला, बहिणीचे डी.एड. झाले. त्याचे आजोबा ज्या बोटींवर होते तिथे त्याच कामाला गोऱ्या खलाशापेक्षा फार कमी मजुरी मिळत असे. त्या मानाने हे दिवस बरे. तेव्हा कोणी म्हणेल, एकाने पैसे दिले, दुसऱ्याने काम केले, व्यवहार चोख झाला, आता नैतिकतेचा प्रश्न कुठून आणता?

प्रश्न इथेच आहे. मजुरीने कामाचे देणे फिटते. ज्या माणसाने ते काम केले त्याचेही देणे तेवढ्याने फिटते का? आपल्याकडे मजुराला घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही हदीस भाषणांत फार सांगितली जाते. दुसरी एक शिकवण कमी सांगितली जाते. नोकर जेवण घेऊन आला तर त्याला बरोबर बसवा, ते जमत नसेल तर निदान घास-दोन घास तरी त्याला द्या, कारण चुलीची आच आणि धूर त्याने सोसला आहे. पगार वेगळा आणि हा घास वेगळा. पहिली हदीस व्यवहाराची आहे. दुसरी 'आपण जेवलो' हे वाक्य खरे करण्याची आहे.

असे वाटेल की संकट आले की हा भेद आपोआप गळून पडत असेल. तसेही दिसत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज कोरोनामुळे अडकले. जहाजावर ३,७११ माणसे होती. प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये राहायला सांगितले गेले. पण केबिनच्या दारात जेवण कोण पोहोचवणार? ते कर्मचारीच पोहोचवत राहिले. विलगीकरण वर होते. खाली एका खोलीत दोघे-तिघे आणि जेवायला एकच खाणावळ. त्या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांपैकी प्रवासी सहा आणि कर्मचारी १३२. आपला देश त्या जहाजावर कोणत्या मजल्यावर होता हे या दोन आकड्यांवरून कळते. त्याआधी, जानेवारी २०१२ मध्ये, इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून कलंडले आणि ३२ माणसे गेली. त्यांत मुंबईकडचा एक वेटर होता. सगळ्यांत शेवटी सापडलेला देह त्याचा. तो मिळायला नोव्हेंबर २०१४ उजाडला.

हे वाचून आपल्यातले काही जण म्हणतील, ही तर ऐश करणाऱ्यांची जहाजे, आपली जहाजे वेगळी होती. होती खरी. आमच्या नानी १९७८ साली मुंबईहून 'अकबरी' जहाजाने हजला गेल्या. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग गोदी, मग आठवडाभर दर्या. समुद्रमार्गे हज १९९५ साली बंद झाला, पण ज्यांच्या घरात अशी एखादी नानी होती त्यांना तो प्रवास पाठ आहे. पहिल्या वर्गाचे प्रवासी वर केबिनमध्ये, नानी खाली डेकच्या वर्गात, उलट्या, लिंबाचे लोणचे आणि तसबीह. मग यलमलमची हद्द जवळ आल्याचा भोंगा वाजला. पुरुषांनी न शिवलेली दोन पांढरी वस्त्रे घातली. नानी सांगायच्या, त्या क्षणापासून वरचा कोण आणि खालचा कोण हे ओळखू येईना. सगळे जहाज पांढरे झाले.

आम्ही लहानपणी ही गोष्ट इथेच संपते असे समजत होतो. नानींची गोष्ट मात्र पुढे होती. त्यांना रोज गरम पाणी आणून देणारा एक खलाशी होता, बोलीवरून आपल्याच बाजूचा. तो निळ्या कपड्यांतच वावरत होता. नानींनी विचारले, "पोरा, तू एहराम नाय बांधलास?" तो म्हणाला, "चाची, आमी सगल्यांनी एहराम बांधला तं जहाज कोन चालवील?"

म्हणजे सगळे जहाज पांढरे झालेच नव्हते. प्रवासी पांढरे झाले होते. समतेच्या त्या सुंदर देखाव्याखाली निळ्या कपड्यांतली माणसे इंजिन चालवत होती, भांडी घासत होती आणि आठ-आठ फेऱ्या जिद्दापर्यंत जाऊन हजशिवाय परतत होती. हे सांगण्यात हजचा अवमान नाही. एहराम जे शिकवतो ते खरेच आहे. पण वस्त्र बदलल्याने धडा पुरा होत नाही, ज्याला वस्त्र बदलता आले नाही तो दिसला तर होतो. नानींना तो दिसला. त्याचे नाव विचारायचे राहून गेले होते, म्हणून अरफातच्या मैदानात त्यांनी 'जहाजवाल्या पोरा'साठी दुआ मागितली. अल्लाहला पत्ता लागत नाही, असे त्या म्हणायच्या.

जहाजाचा विषय निघाला की सहीह बुखारीतला एक दृष्टांत आठवल्याशिवाय राहत नाही. हजरत नुअमान बिन बशीर यांच्याकडून तो आला आहे. काही लोक एका जहाजात बसले. कोणी वर, कोणी खाली. खालच्यांना पाण्यासाठी वर यावे लागे आणि वरच्यांना त्याचा त्रास होई. खालचे म्हणाले, आपल्या भागात एक भोक पाडून पाणी घेऊ, वरच्यांना त्रास नको. वरच्यांनी त्यांना अडवले नाही तर सगळे बुडतील, अडवले तर सगळे तरतील.

वाअजमध्ये हा दृष्टांत बहुधा वाईट कामापासून रोखण्यासाठी सांगतात आणि तो अर्थ बरोबरच आहे. पण आमच्या विद्यार्थ्याची हकिकत ऐकल्यावर आम्ही तो पुन्हा वाचला, तेव्हा दोन गोष्टी नव्याने दिसल्या. पहिली अशी, की वर कोण आणि खाली कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरले होते. लायकीने नव्हे. तो मुलगा खाडीकाठच्या गावात जन्मला आणि त्या बाई दुसऱ्या कुठल्या देशात, यातही चिठ्ठीच होती. दुसरी अशी, की खालचे लोक दुष्ट नव्हते, तहानलेले होते. आणि भिडस्तही होते. वरच्यांना त्रास नको म्हणून ते भोक पाडायला निघाले. भोक पाडणाऱ्याचा हात धरलाच पाहिजे. पण त्याआधी वरच्या एखाद्याने दोरीने घागर खाली सोडली असती तर? आमच्या विद्यार्थ्यानेही त्या संध्याकाळी बाईंना त्रास नको म्हणूनच काही सांगितले नाही.

आमचा निष्कर्ष एवढाच. त्या बाईंचा हत्ती मागण्यात गुन्हा नव्हता. पण सत्तर दिवस ज्याच्या हाताने आपला बिछाना घातला जातो, त्याच्या चेहऱ्यावर आज काय आहे हे न दिसणे, ही आपल्या सुखाने आपल्यावर घातलेली पट्टी आहे. ती श्रीमंतांच्याच डोळ्यांवर असते असे नाही. ज्या घरी सेवा मिळते त्या प्रत्येक घरी ती असते.

आमच्याही डोळ्यांवर होती. मध्यंतरी जुन्या वह्या चाळताना शाळेच्या मुरुड-जंजिऱ्याच्या सहलीवरचा निबंध सापडला. तो आम्हीच फळ्यावर लिहून दिला होता. 'आम्ही ४२ विद्यार्थी आणि ३ शिक्षक असे एकूण ४५ जण एस.टी.ने सहलीला गेलो.' त्या एस.टी.त ४६ माणसे होती. ड्रायव्हरने पहाटे चारला गाडी आणली होती, दुपारी तो गाडीच्या सावलीत एकटा जेवला होता आणि रात्री प्रत्येक मुलाला त्याच्या फाट्यावर उतरवून गेला होता. आमच्या मोजणीत तो नव्हता. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. 'आम्ही' हा शब्द तिथे अगदी चपखल बसला होता.

या वर्षी सहल निघाली तेव्हा ड्रायव्हरसाहेबांना मुलांच्या पंगतीत बसवले. ते संकोचले, मग मुलांच्या डब्यांतले थोडे थोडे खाल्ले. एवढ्याने काही मोठे साधले असे आम्ही समजत नाही. त्यांचा पगार वाढला नाही, ड्यूटी कमी झाली नाही. त्यासाठी कायदा लागतो, संघटना लागते आणि त्यांच्या बाजूने बोलणारे प्रवासीही लागतात. पण जो आपल्या मोजणीतच नाही त्याच्यासाठी आपण बोलणार कसे?

आमचा विद्यार्थी पुन्हा जहाजावर गेला आहे. परवा रात्री त्याचा निरोप आला, जहाज कुठे आहे ते कळवणारा. या वेळी आम्ही पगाराचे विचारले नाही. लिहिले, 'झोप होते का?'

बऱ्याच वेळाने उत्तर आले, 'आज घड्याळ मागे आहे, सर. एक तास जास्त मिळेल.'